घाटापलीकडची लेक

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळातली आहे. तेव्हा राजे होते, पण त्यांची नावं डोंगरातल्या माणसांपर्यंत पोचत नसत. डोंगराच्या अल्याड एक गाव होतं आणि पल्याड एक गाव होतं. मधे घाट होता, आणि घाटात बांबूचं रान होतं.

अल्याडच्या गावात गोजरा नावाची एक बाई राहायची. बांबू चिरून ती टोपल्या, सुपं, करंड्या विणायची. तिच्या हातची वीण इतकी घट्ट असायची, की बाजारात लोक करंडी उजेडापुढे धरून बघत आणि मान हलवत.

तिचा नवरा कामाला वाघ होता. पण त्याच्या मनाचा भरवसा नव्हता. दिवसच्या दिवस तो गप्प राहायचा, आणि मग कशावरून तरी भडका उडायचा. ताट भिंतीवर जायचं, विणलेलं काम पायाखाली जायचं. राग उतरला की तो कोपऱ्यात बसून लहान मुलासारखा रडायचा.

गोजराला जुळ्या मुली झाल्या. एकीचं नाव हौसा ठेवलं, दुसरीचं नवसा. मुली अजून अंगावर पीत होत्या, तेव्हाच एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी त्याचा असा भडका उडाला, की त्यानं अंगणातला बांबूचा ढीग आणि विणलेला सगळा माल पेटवून दिला. गावकऱ्यांनी धावून घर वाचवलं. आग विझल्यावर त्याला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. तो उठला आणि घाटाच्या वाटेला लागला. पुन्हा कधी कुणाला दिसला नाही.

गोजराच्या घरात अन्न उरलं नाही, आणि अंगावरचं दूध दोघींना पुरेना. पल्याडच्या गावात तिची थोरली बहीण साळू दिली होती. साळूचं बाळ नुकतंच गेलं होतं. बातमी कळताच ती घाट ओलांडून आली. दोन उपाशी पोरींकडे बघून म्हणाली, "गोजरे, एक मला दे. माझं दूध वाया जातंय गं."

गोजरानं जी झोपली होती ती उचलून दिली. वाटेत रडू नये, एवढाच विचार तिनं केला. ती नवसा होती. जागी राहून रडत होती ती हौसा.

तेव्हापासून गोजराचं मन दोन ठिकाणी राहू लागलं.

हौसा मोठी होऊ लागली, आणि तिच्यात काहीतरी दिसू लागलं. भांडं वाजलं तरी ती दचकायची. खेळता खेळता कुणी चिडवलं, की तिचे डोळे बदलायचे. मग ती चावायची, दगड भिरकावायची, हाताला लागेल ते मोडायची. नंतर दोन दोन दिवस बोलायची नाही, जेवायची नाही. झोपेतून किंचाळत उठायची.

गावातल्या बायका पाणवठ्यावर म्हणत, "बापाचंच रक्त ते. जाईल कुठं?" पोरं तिला 'जळक्याची पोर' म्हणत आणि पळून जात. पळणाऱ्यांच्या मागे हौसा धावायची, कधी मारायला, तर कधी नुसतीच त्यांच्यात खेळायला. पण पोरांना त्यातला फरक कळायचा नाही.

गोजरा तिला मारायची नाही. शिव्याही द्यायची नाही. ती फक्त मागे सरायची. पोरीचे डोळे बदलले, की तिला त्यात नवऱ्याचे डोळे दिसायचे. मग ती गुपचूप उठायची, बांबू चिरायचा कोयता उचलायची आणि आढ्याला खोचून ठेवायची. हौसा ते बघायची. पहिल्यांदा तिला कळलं नाही. पुढे कळलं. आपल्यापासून काहीतरी लपवावं लागतं, एवढं तिच्या ध्यानात आलं आणि मनात रुतून बसलं.

सांजेला दिवा लावला की गोजरा उंबऱ्यात बसून घाटाकडे बघायची. तिकडची लेक आता काय करत असेल? केस केवढे झाले असतील? तिला भात आवडत असेल की भाकरी? मीठ विकणारा एक माणूस वर्षाकाठी घाट उतरून यायचा. गोजरा त्याला विचारायची, "माझी नवसा दिसली का?"

"दिसली की. चांगली आहे पोर," तो म्हणायचा आणि मीठ मापायला लागायचा.

एवढ्याशा बोलण्यावर गोजरा वर्ष काढायची. 'चांगली आहे' या दोन शब्दांतून तिनं एक अख्खी मुलगी विणली होती. शांत, हसरी, आईच्या मागे मागे फिरणारी. झोपलेली दिली ना मी? मग शांतच असणार. चांगली होती ती देऊन बसले, असं तिला वाटे, आणि तिच्या छातीत कळ उठे. तिकडे जायचा धीर तिला होत नव्हता. एकदा बघितलं तर परत कसं यायचं?

दर वर्षी मळणी झाली, की ती नवसासाठी एक इवलीशी रंगीत करंडी विणायची. पाठवायची मात्र नाही. करंड्या आढ्याला टांगून ठेवायची. हौसासाठी तिनं कधी विणली नाही. ही मोडून टाकील, असं तिला वाटायचं.

एके दिवशी हौसानं शिडी लावली आणि त्या सगळ्या करंड्या खाली काढल्या. एकेक पायाखाली घेतली. गोजरा बाजारातून आली तेव्हा घरभर रंगीत काड्या पसरल्या होत्या, आणि मधोमध हौसा उभी होती. तिच्या तळपायातून रक्त येत होतं.

गोजराच्या तोंडून निघून गेलं, "तिच्याऐवजी तुला दिली असती तर बरं झालं असतं."

हौसा लंगडत अंगणात गेली. त्या दिवशी गोजराच्या मनानं एक गोष्ट ठरवली. चार दिवसांनी ती म्हणाली, "चल, मावशीकडे जाऊ."

आता ऐका, त्या वाटेवर काय झालं. खरं तर काहीच झालं नाही. आईनं आपल्याला आपणहून कुठं न्यावं, हे हौसाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिनं आईचं बोट धरलं ते अख्खा घाट सोडलं नाही. डोक्यावर साळूमावशीसाठी नेलेलं सूप होतं, ते तिनं कुठं टेकू दिलं नाही. चढावर दम लागला तरी बसूया म्हणाली नाही. पाखरू दिसलं की हळूच म्हणायची, "आई, ते बघ." गोजरा बघायची नाही. तिचे डोळे पुढच्या वळणाकडे लागले होते. त्या वळणापलीकडे तिची लेक होती.

साळूचं घर माणसांनी भरलेलं होतं. साळू, तिचा नवरा, तिचे म्हातारे सासरे, विधवा नणंद भागा, दिराची पोरं. सगळे अंगणात बसून विणत होते. त्यांच्यातून एक पोर उठून आली. तेच कपाळ, तोच रंग, बघताना डावी भुवई वर चढायची तीही तशीच. हौसा आणि नवसा एकमेकींपुढे उभ्या राहिल्या. नवसानं हात पुढे करून हौसाच्या गालाला बोट लावलं, आणि स्वतःच्या गालाला लावून बघितलं. दोघी हसल्या.

गोजरा तहानलेल्यासारखी नवसाकडे बघत राहिली. रात्रभर तिनं हौसाकडे एकदाही पाहिलं नाही.

सकाळी माणसं रानात गेली. मागच्या पडवीत गोजरा आणि साळू बांबू चिरायला बसल्या. गोजरानं मनातलं काढलं.

"अक्का, रागावू नकोस. मला माझी नवसा परत दे. हौसाला इथं ठेव. तुमचं घर मोठं आहे, ती सामावून जाईल. मी थकले गं. तिच्यात तो उतरलाय. मला ती बघवत नाही."

साळूचे हात थांबले. ती काही बोलणार, तेवढ्यात भिंतीपलीकडे घागर जमिनीला टेकल्याचा आवाज झाला. हौसा ओढ्यावरून पाणी घेऊन आली होती. तिनं आरडाओरडा केला नाही, घागर फोडली नाही. अलगद खाली ठेवली आणि निघून गेली. कुणीतरी पाणी ठेवून गेलं, एवढंच दोघींना वाटलं.

पण तिच्या मागोमाग नवसाही पाणी घेऊन येत होती. तिनंही ऐकलं होतं. ती आत आली, आणि तिचे डोळे बदललेले गोजरानं बघितले.

"मला परत मागता?" नवसा ओरडली. "मी काय उसनं नेलेलं सूप आहे?" तिनं घागर दाणकन आपटली. खापऱ्या उडाल्या. कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड तिनं लाथेनं पाडली. विणत आणलेली टोपली ओरबाडून फेकली. तिच्या घशातून जो आवाज निघत होता, तो गोजरानं वर्षानुवर्षं आपल्या घरात ऐकला होता.

गोजरानं झटकन पुढचा कोयता उचलला आणि पाठीमागे धरला. साळू मात्र जागची हलली नाही. तिनं तोंडही वाकडं केलं नाही. दारात सासरे आले होते. ते शांतपणे म्हणाले, "आलं का गं भरून? जा, फिरून ये. मग आपण खापऱ्या गोळा करू."

नवसा धडपडत बाहेर गेली. गोजरा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "ही पण?"

"ही पण," साळू म्हणाली. "तुला काय वाटलं होतं? पोटात एकत्रच वाढल्या ना दोघी? लहानपणी तर दिवसातून चार वेळा व्हायचं. मला चावलेल्या खुणा अजून दंडावर आहेत. आता महिन्या-दोन महिन्यांनी होतं."

"आणि तुम्ही काय करता?"

"विशेष काही नाही गं. कुणीतरी जवळ असतं. माझा जीव मेटाकुटीला आला की भागावन्सं तिला घेतात, त्या थकल्या की मामंजी. जे मोडलं ते तिच्याकडूनच सावरून घेतो. आज घागर फोडली ना, उद्या कुंभाराकडे तीच जाईल. पण हिच्यात बाप आहे, असं या घरात कुणी तिला ऐकवलं नाही."

म्हातारे सासरे उंबऱ्यात बसले. "तुझ्या नवऱ्याचा बापही असाच होता, असं मी ऐकलंय," ते गोजराला म्हणाले. "पोर चिडलं की त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून घालायचा. रागाला राग भेटत गेला. एकट्या रक्ताचं हे काम नव्हे, पोरी. आणि तुला मी बोल लावत नाही. इथं इतके हात आहेत. तू एकटी होतीस, उपाशी होतीस, आणि डोळ्यांपुढे ती आग होती."

तेवढ्यात साळूच्या ध्यानात आलं. भिंतीपलीकडे एक भरलेली घागर होती. ती कुणी ठेवली?

मग हाका सुरू झाल्या. हौसा घरात नव्हती, ओढ्यावर नव्हती, देवळात नव्हती. ऊन कलायला लागलं. रानातून आलेली माणसं म्हणाली, वरच्या बांबूच्या बेटांत दोन दिवसांपूर्वी वाघाचे ठसे दिसलेत. गोजरा अनवाणी इकडून तिकडे पळत होती. ज्या पोरीला ती सोडून जायला आली होती, तिच्यासाठी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नवसा फिरून परतली होती. डोळे लाल होते, पण आता ते तिचेच होते. सगळं ऐकून ती म्हणाली, "मला ठाऊक आहे ती कुठं असेल."

"कसं ठाऊक?" साळूनं विचारलं.

"मी जिथं गेले असते तिथं. मला तेव्हा उघड्यावर सोसत नाही. सगळीकडून दाटी लागते."

ती पुढे निघाली, मागे मोठी माणसं. ओढ्याच्या वळणावर जुन्या बांबूचं एक बेट होतं, इतकं दाट की आत भर दुपारी सावली असायची. नवसा वाकून आत शिरली. बाकीचे बाहेर थांबले. मग आतून दोन आवाज आले, एकसारखेच, पण एक रडून जाड झालेला.

"तुलाही होतं?"

"होतं. आधी कान गरम होतात. मग हात माझे राहत नाहीत."

"माझेही. मग तुझी आई कोयता लपवते?"

"नाही," नवसाच्या आवाजात नवल होतं. "का लपवायचा?"

बाहेर उभ्या असलेल्या गोजराला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. कितीतरी वर्षं ती घाटापलीकडच्या लेकीसाठी झुरत होती. आणि तिच्याच घरात, तिच्याच उंबऱ्यात, दुसरी लेक तिच्यासाठी तशीच झुरत बसली होती. दिव्याच्या उजेडात तिनं कधी मागे वळून पाहिलंच नव्हतं.

ती काटेरी फांद्यांतून आत शिरली. हात ओरबाडले, लुगडं फाटलं. हौसानं तिला बघितलं आणि अंग चोरलं. म्हणाली, "आई, तू हिला ने. मी राहते इथं. मी इथं काही मोडणार नाही."

गोजरानं तिला ओढून छातीशी धरलं नाही. तेवढा हक्क आपल्याला उरलाय की नाही, हे तिला कळत नव्हतं. ती तिथंच, पाचोळ्यात, हौसाच्या शेजारी बसली. जरा वेळानं म्हणाली, "मी तुला भीत होते, हौसा. तू एवढीशी होतीस तरी भीत होते. भीती त्याची होती, आणि भोगलीस तू."

हौसा उठून गेली नाही. अंधार पडायच्या आत तिघी बाहेर आल्या.

आठवड्यानं गोजरा परत निघाली. नवसा साळूच्या पदराला धरून उभी होती. तिचं घर तेच होतं, आणि गोजरानं ते मान्य केलं, काळजावर दगड ठेवून. हौसाचा हात धरून ती घाट चढू लागली. त्यांच्याबरोबर साळूची नणंद भागाही निघाली. "मला इथं काय अन् तिथं काय," ती म्हणाली. "पण तिथं माणूस कमी आहे."

सगळं एका दिवसात सुधारलं, असं मी सांगणार नाही. तसं होत नाही. हौसाचे कान नंतरही गरम व्हायचे. मडकी फुटायची. पण आता एक जण थकली की दुसरी जवळ बसायची. पाणवठ्यावर कुणी 'बापाचं रक्त' म्हटलं, की गोजरा घागर खाली ठेवून म्हणायची, "रक्त माझंही आहे त्यात. आणि तिला काय ऐकवायचं ते तुमच्या हाती आहे." हळूहळू पाणवठ्यावरचं ते बोलणं कमी झालं. पोरं खेळायला येऊ लागली. भडके विरळ होत गेले, पुढे पुढे कान गरम झाले की हौसा स्वतःच उठून ओढ्याकडे जायची आणि शांत होऊन परतायची.

दर वर्षी बांबू तोडणीच्या दिवसांत दोघी बहिणी भेटायच्या, आणि निघताना दोघी रडायच्या. एक गोष्ट मात्र कायमची राहिली. जाताना घाटाच्या वळणावर आलं, की हौसा विचारायची, "आई, आपण परत येणार ना?" मोठी झाली, लग्नाची झाली, तरी विचारायची. गोजरा दर वेळी थांबायची आणि म्हणायची, "हो. दोघी येणार." पण त्या प्रश्नानं तिच्या काळजात जे टोचायचं, ते कधी बोथट झालं नाही.

म्हातारपणी एका सांजेला गोजरा उंबऱ्यात बसली होती, आणि तिला नवऱ्याची आठवण आली. आग लावणारा तो माणूस तिला दिसला नाही. तिला दिसला एक लहान मुलगा, गोठ्यातल्या खांबाला बांधलेला, कुणीतरी येईल म्हणून दाराकडे बघत असलेला. त्याच्याजवळ तेव्हा कुणी जाऊन बसलं असतं तर? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्यासाठी रडली. तो आता कुठं होता, होता की नव्हता, हे सांगणारं कुणी नव्हतं.

बोध : मूल कोणता स्वभाव घेऊन जन्माला येतं हे कुणाच्या हाती नसतं, पण त्याच्याजवळ न भिता बसणारं माणूस त्याला मिळेल की नाही, हे आपल्याच हाती असतं.